कॉलेजच्या कबड्डीला प्रेक्षक आणायचे कुठून?

जिमखाना_चार्ज
मंडळी, सल्ला हवाय आणि जरा लवकर हवाय.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात कॉमर्स शिकवतो. आमचे पीटी सर रिटायर झाले, जागा अजून भरली नाही, त्यामुळे जिमखान्याचा चार्ज माझ्या गळ्यात आलाय. कॅरम सोडून मी आयुष्यात काही खेळलेलो नाही हे आधीच सांगून टाकतो. तर यंदा विद्यापीठाच्या आंतरविभागीय कबड्डीचं यजमानपद आमच्याकडे आहे, मुलं मुली दोन्ही, दोन दिवस. मैदान आहे, मॅट येईल, जेवणाचं बघू. पण प्रेक्षक कुठून आणायचे?

गेल्या वर्षी शेजारच्या तालुक्यात झोनल (एका विभागातल्या कॉलेजांची स्पर्धा) बघायला गेलो होतो. मुलींची सेमी चालू होती. बघायला कोण, तर पुढच्या मॅचच्या टीमा, एक चहावाला पोऱ्या आणि चुना मारणारे मामा. स्टेजवर मात्र पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्यांची रांग आणि त्यातल्या निम्म्या रिकाम्या. एक मुलगी चढाईत दोन गडी मारून, तिसरीच्या हातातून पाय सोडवून परत आली. जत्रेत असती तर लोकांनी डोक्यावर घेतली असती. टाळ्या वाजवल्या तिच्याच टीमच्या पोरींनी, बस्स. आणि त्याच गावात यात्रेच्या कबड्डीला रात्री अकरा वाजता पाय ठेवायला जागा नसते!

भावाचा मुलगा अमेरिकेत ओहायोला शिकतो, तो फोटो पाठवतो, कॉलेजच्या मॅचला लाखभर माणूस, सगळे लाल शर्टात. मला लाख नकोत. पाचशे आले तरी मी पेढे वाटीन.

शेंगदाणा
वडापाव फुकट ठेवा, हजार येतील. पहिली रेड पडायच्या आत जातील तो भाग वेगळा.

ओहायोकर
सर, पुतण्या बहुतेक आमच्याच गावात आहे. मी बरीच वर्षं कोलंबसमध्ये आहे. ते फुटबॉलचं (अमेरिकन फुटबॉल, हातात चेंडू धरून पळतात तो) स्टेडियम १९२२ चं आहे, घोड्याच्या नालेच्या आकाराचं, क्षमता १,०२,७८०, आणि मॅचच्या शनिवारी ते खरंच भरतं. आम्ही त्या दिवशी इंडियन ग्रोसरीलासुद्धा बाहेर पडत नाही, शुक्रवारीच कोथिंबीर आणून ठेवतो.

पण त्या लाखात शिकणारी पोरं थोडी असतात हो. बाकी सगळे माजी विद्यार्थी, त्यांची पोरंबाळं, आणि कॉलेजची पायरीही न चढलेली ओहायोची जनता. कोलंबसला मोठ्या लीगचा फुटबॉल संघ नाही, ते क्लीव्हलंड आणि सिनसिनाटीला. त्यामुळे गावाचा संघ म्हणजे कॉलेजचा संघ.

दुसरं म्हणजे वार ठरलेला. शुक्रवारी रात्री शाळांच्या मॅचेस, शनिवारी कॉलेज, रविवारी व्यावसायिक लीग. हे आपोआप झालेलं नाही बरं का. १९६१ च्या एका कायद्याने व्यावसायिक लीगला टीव्ही हक्क एकत्र विकायची सूट दिली, पण सीझनमध्ये शुक्रवारी रात्री आणि शनिवारी कॉलेजांच्या (१९६६ पासून शाळांच्याही) मॅचेसच्या आड येऊन दाखवायचं नाही अशी मेख मारून ठेवली. म्हणजे मोठ्यांनी लहानांच्या ताटातलं खाऊ नये म्हणून तिथे कायदा आहे.

तेव्हा तुमचा वार आणि वेळ काय ते आधी सांगा, बाकीचं मग बोलू.

खडूस_काका
झालं, आली अमेरिका. अहो तिथल्या बहुतेक राज्यांत सरकारी पगारावरचा सगळ्यात महाग माणूस कोण तर कॉलेजचा फुटबॉल नाहीतर बास्केटबॉल कोच. गव्हर्नर गेला खड्ड्यात, कुलगुरू त्याच्याही खाली. आणि ज्या पोरांच्या जिवावर स्टेडियम भरायचं त्यांना २०२१ पर्यंत स्वतःचं नाव वापरून जाहिरातीत चार पैसे कमवायची परवानगी नव्हती. आता २०२५ पासून कॉलेजं थेट पैसे देतायत. हे कॉलेज आहे का सर्कस? सरांचं मैदान रिकामं आहे त्यात मला काही वाईट दिसत नाही, पोरं खेळतायत ना, झालं.

ओहायोकर
काका, पैशाबद्दल तुमच्याशी भांडणारच नाही. आणि तिथेही सगळं हिरवंगार नाही. तिथल्या कॉलेज खेळांच्या संघटनेत हजाराच्या वर कॉलेजं आहेत, फोटोत दिसतात ती पाचपन्नास. बाकीच्यांचा खेळ विभाग विद्यार्थ्यांच्या फीवर आणि कॉलेजच्या अनुदानावर चालतो. एके काळी वरच्या गटात टिकायला घरच्या मॅचेसना सरासरी १५,००० माणूस दाखवावा लागायचा, मग काही कॉलेजं प्रायोजकांना गठ्ठ्याने तिकिटं घ्यायला लावून आकडा भरायची. स्टेडियम ओस आणि कागदावर पंधरा हजार.

आणि मोठ्यांनी छोट्यांना पैसे देऊन हरायला बोलावण्याची पद्धत आहे, वेळापत्रकाच्या सुरुवातीला सोप्या मॅचेस टाकायच्या. आमच्या शेजारच्या मिशिगनने (ज्यांचं नाव इथे कोलंबसमध्ये आम्ही घेत नाही) २००७ ला ॲपलॅशियन स्टेटला चार लाख डॉलर देऊन बोलावलं आणि लाखावर माणसांसमोर ३४-३२ ने हरले. अजूनही मूड गेला की मी तो स्कोअर आठवतो.

शेंगदाणा
पैसे देऊन हरलो आम्हीपण एकदा, पण ते कॅरमच्या क्लबात.

पेठेतला_पिंट्या
सर नमस्कार, कोल्हापूरहून. गर्दी बघायची असली तर शाहू स्टेडियमवर फुटबॉलला (आपला, पायानं खेळायचा) या, कुठं ओहायोला जाताय. पाटाकडील विरुद्ध दिलबहार असू दे नायतर शिवाजी विरुद्ध खंडोबा, दुपारी चारची मॅच आणि पोरं दोनपासनं रांगेत. तिकीट काढून भावा, फुकट न्हाय. एका बाजूला एका पेठेचं पब्लिक, समोर दुसऱ्या पेठेचं, मधे पोलीस. आमच्या आज्ज्याला ऑफसाइड काय असतं ते म्हायत नव्हतं पण पाटाकडील हरली की रात्री जेवायचा न्हाय.

आता बघा, ह्याच टीमांतली पोरं कॉलेजकडनं पण खेळतात. तीच पोरं, तेच पाय. कॉलेजच्या मॅचला कुत्रं पण फिरकत न्हाय. कारण सरळ हाय, पेठ जन्माची, कॉलेज तीन वर्षांचं, त्यातलं एक वर्ष तर कॅन्टीन शोधण्यात जातं.

खडूस_काका
आणि दगडफेक झाली की स्पर्धा थांबते, दोन्हीकडची पोरं पोलिस स्टेशनात, तेपण सांगा की.

पेठेतला_पिंट्या
काका ते पण होतं, नाकारत न्हाय. हुल्लडबाजीपायी सीझन अडकलेत. पण रिकाम्या खुर्च्या कोण कशाला फेकंल, तेवढं प्रेम तरी पायजे.

विंगेत_उभा
पिंट्याभाऊंचं पटलं नाही. कॉलेजला निष्ठा नसते असं कुणी म्हणालं की मी त्याला ऑगस्टमध्ये पुण्यात भरत नाट्य मंदिरात नेतो. पुरुषोत्तम करंडक, १९६३ पासून चालू आहे. आंतरमहाविद्यालयीन एकांकिका, म्हणजे ही पण कॉलेजांची मॅचच. बाहेर प्रत्येक कॉलेजचं टोळकं, आणि 'अरे आवाज कुणाचाऽऽ' ला उत्तर देता देता घसा फुटतो. मी आमच्या कॉलेजसाठी ओरडून ओरडून दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षेला खुणांनी उत्तरं दिली आहेत. त्याच तीन वर्षांत आमची हॉकीची टीम होती हे मला डिग्री घेऊन बाहेर पडल्यावर कळलं!

म्हणजे पोरं येतात. मग नाटकाला येतात आणि खेळाला का येत नाहीत? माझं उत्तर: एकांकिकेत स्टेजवर दहा आणि मागे वीसजण राबत असतात, कुणी सेट ठोकतो, कुणी म्युझिक वाजवतो, कुणी नुसता चहा आणतो. त्या तीस जणांचे मित्र येतात. कबड्डीत बारा जण आणि एक सर. बाराजणांचे मित्र कोण, तर उरलेले अकरा.

मैदान_लोकल
विंगेतले, ते अकरा मित्र भारी होतं 😄

मुंबईचं सांगतो. इथे प्रेक्षक नंतर, आधी मैदान शोधा. इमारतीत पाच हजार पोरं शिकतात आणि खेळायची जागा म्हणजे पार्किंगमधला टेबल टेनिसचा टेबल. क्रिकेटची टीम कुठल्यातरी जिमखान्याचा प्लॉट धरून खेळते, घरचं मैदान नावाची गोष्टच नाही. आझाद मैदानात तर एका मॅचचा कव्हर दुसऱ्या मॅचचा मिडविकेट असतो, बघणाऱ्याला कळत नाही आपली मॅच कुठली. प्रेक्षक म्हणजे सीएसटीकडे जाताना थांबलेले ऑफिसवाले काका, हातात डबा, जाता जाता 'फुल टाक रे फुल' सांगून जाणार.

तरी त्यातून माणसं निघाली. अजित वाडेकर सायन्सचे विद्यार्थी, कॉलेजला जाताना बसमध्ये क्रिकेटपटू बाळू गुप्त्यांनी विचारलं, बारावा खेळाडू कमी पडतोय, येतोस का, दिवसाला तीन रुपये मिळतील. तीन रुपये म्हणून गेले आणि पुढे १९७१ ला वेस्ट इंडिज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकून आले. कॉलेज क्रिकेटच्या भत्त्याने देशाचा कॅप्टन मिळवून दिला.

शेंगदाणा
आमच्या कॉलेजात अजून तीनच रुपये मिळतात.

फिक्स्चर
मी विद्यापीठाच्या क्रीडा विभागात काम केलेलं आहे, कुठल्या ते सोडा. सरांनी आणि ओहायोकरांनी वेळेचा विषय काढला म्हणून लिहितोय, कारण सगळे विद्यापीठाला शिव्या घालतात की तारखा आठ दिवस आधी कळतात.

उलटीकडून बघा. भारतीय विद्यापीठ संघ आंतरविद्यापीठ स्पर्धांचं कॅलेंडर काढतो. पश्चिम विभागात महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश वगैरे सगळे. ती तारीख हलत नाही. त्याच्या आधी विद्यापीठाचा संघ निवडून कॅम्प व्हायला हवा, त्याच्या आधी आंतरविभागीय, त्याच्या आधी झोनल. आता वरून खाली या, सप्टेंबर संपेपर्यंत पाऊस, मधे गणपती, मग नवरात्र, मग सेमिस्टरची परीक्षा, मग दिवाळी. जी फट उरते त्यात पन्नास खेळ बसवायचे. कॉलेजं एन्ट्री शेवटच्या दिवशी पाठवतात, लॉट्स पाडले की दोन कॉलेजं येतच नाहीत, वॉकओव्हर.

आणि मॅचेस सकाळी का? कारण टीमा एसटीने नाहीतर भाड्याच्या गाडीने येतात, मुक्काम टाळायचा असतो, मुक्काम म्हणजे खर्च आणि मुलींच्या टीमबरोबर मॅडम पाठवायला लागतात. पंचांनाही संध्याकाळी घर गाठायचं असतं. म्हणून नऊला सुरू, जेवायच्या आधी सेमी, दोनला फायनल, चारला मैदान रिकामं. नऊ ते दोन या वेळात तालुक्यात मोकळा माणूस कोण असतो? पेन्शनर, तो बँकेच्या रांगेत. पोरं लेक्चरला, पंचाहत्तर टक्के हजेरीची टांगती तलवार. प्रेक्षक येऊ नयेत अशी आपणच व्यवस्था केलेली आहे.

जिमखाना_चार्ज
फिक्स्चर साहेब, हे कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं. माझ्या हातातलं परिपत्रकही असंच आहे, 'सकाळी ९ वाजता उद्घाटन'. वेळ बदलायचा अधिकार यजमान कॉलेजला असतो का?

फिक्स्चर
तारीख विद्यापीठाची. त्या दिवसातल्या मॅचेसची वेळ तांत्रिक समितीशी बोलून पुढेमागे करता येते, पंचांना आधी सांगा आणि मुक्कामाची सोय दाखवा. मुलांची मॅच चाळीस मिनिटांची, मधे पाच मिनिटं, टाइमआउट धरून तासाला एक. दोन मॅट असतील तर सगळ्या साखळी मॅचेस पहिल्या दिवशी संपतात. दुसऱ्या दिवशी फक्त सेमी आणि फायनल ठेवा आणि त्या कुठल्याही परिस्थितीत दुपारनंतर.

उजवा_कोपरा
फायनल दुपारनंतर म्हणताय ते कुणाची? मी चार वर्षं विद्यापीठाकडून खेळले, कलर होल्डर आहे, ब्लेझर अजून कपाटात आहे. आमची एक फायनल सकाळी साडेनऊला उरकली होती. 'उरकली' हाच शब्द वापरला होता माइकवर. 'मुलींची फायनल उरकून घेऊ, मग मुलांच्या सेमीला पाहुणे येतायत.' रात्री दहापर्यंत कोर्ट चालू होतं, झोप पाच तास, कोर्टवर दव, पहिल्याच रेडला माझा पाय सरकला. आम्ही जिंकलो. कप स्टेजवरच्या टेबलावर होता, पाहुणे आले नव्हते म्हणून तो आम्हाला संध्याकाळी मिळाला, तोपर्यंत आमच्यातल्या निम्म्या गाडी धरून घरी गेल्या होत्या. फोटोत सहाच जणी आहेत.

तर सर, तुम्ही वर मुलींच्या सेमीचं लिहिलंत म्हणून सांगते, मुलींना सकाळ आणि मुलांना संध्याकाळ असं करणार असाल तर पाचशे माणसांचा विचार सोडून द्या.

लिंकनवाली
उजवा_कोपरा +१००.

मी नेब्रास्कात लिंकनला राहते. इथलं फुटबॉल स्टेडियम १९६२ पासून दर मॅचला फुल्ल, एकही तिकीट शिल्लक नाही अशी त्यांची परंपरा. पण मी सांगणार आहे ती गोष्ट मुलींची. ३० ऑगस्ट २०२३, बुधवार, त्याच फुटबॉल स्टेडियमच्या मधोमध व्हॉलीबॉलचं कोर्ट घातलं आणि विद्यापीठाच्या मुलींची मॅच ठेवली. ९२,००३ माणसं आली. मुलींच्या खेळाला अमेरिकेत त्याआधी कधी इतकी गर्दी झाली नव्हती. समोरचा संघ कोण, तर ओमाहाचा, राज्यातलाच, गाडीने तासाच्या अंतरावरचा. वरच्या रांगेतून बॉल दिसत नव्हता, लोक मोठ्या पडद्यावर बघत होते, पण उठून कोण जातंय.

लोक म्हणतात एका रात्रीत चमत्कार. कसला चमत्कार, व्हॉलीबॉलचं त्यांचं नेहमीचं छोटं कोर्ट कित्येक वर्षं भरत आलंय, मुलींच्या टीमला आठवड्याचे ठरलेले वार, संध्याकाळची वेळ, रेडिओवर कॉमेंटरी. १९७२ साली तिथे कायदाच झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या कॉलेजने मुलींना कमी लेखायचं नाही, त्याचं हे पन्नास वर्षांनी आलेलं फळ. सकाळी साडेनऊला उरकणाऱ्यांकडे ९२ हजार कधीच येणार नाहीत.

खडूस_काका
बरं, हे मान्य. मुलींच्या बाबतीत मान्य. पण टीव्हीवाल्यांच्या नादी लागून तिथे वेळापत्रकाचा जो विचका झाला तोही सांगा की लिंकनताई. मी वाचतो हो.

लिंकनवाली
झालाय काका, खरंच झालाय. २०२४ पासून आमच्या लीगमध्ये लॉस एंजेलिसची दोन विद्यापीठं आली, दुसऱ्या टोकाला न्यू जर्सी. म्हणजे व्हॉलीबॉलच्या पोरी मॅचसाठी अर्धं जग ओलांडणार आणि सोमवारी लेक्चरला डोळे चोळत बसणार. फुटबॉलची तारीख काही वर्षं आधी माहीत असते, पण किती वाजता ते चॅनेल ठरवतं, बारा दिवस आधी, कधी सहाच दिवस. लांबून येणाऱ्याने हॉटेल कधीचं घ्यायचं? प्रेक्षक टीव्हीच्या सोयीने चालतो तिथे.

ओहायोकर
आणि दुपारी बाराची मॅच म्हणजे सकाळी आठला पार्किंगमध्ये शेगडी पेटवून लोक कबाब भाजत बसतात. पोळीभाजीचा डबा घेऊन गेलेला मी एकटा.

शेंगदाणा
डबा शेअर केला का?

ओहायोकर
केला. मेथीचे ठेपले संपले, मलाच उरले नाहीत. मिशिगनवाल्यालाही एक दिला, संस्कार.

मैदान_लोकल
विषय कबड्डीचा होता...

पेठेतला_पिंट्या
सर तुम्ही सातारचे म्हणून एक सांगतो. काका म्हणाले कॉलेजनं खेळाच्या नादी लागू नये. तुमच्याच जिल्ह्यातल्या, कराडजवळच्या गोळेश्वरच्या पैलवान खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे कमी पडत होते तवा आमच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. प्राचार्यांनी! खाशाबा ब्राँझ घेऊन आले, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. आणि परत आले तवा मिरवणुकीला बैलगाड्या होत्या म्हणतात शंभरावर. कॉलेजमागं गाव उभं राह्यलं की असं व्हतं.

खडूस_काका
खर्डेकरांपुढे मी काय बोलणार. तो माणूसच वेगळा. आताचे प्राचार्य घर गहाण टाकतील ते पोरीच्या मेडिकलच्या ॲडमिशनला.

विंगेत_उभा
काका आज फॉर्मात.

जिमखाना_चार्ज
सगळ्यांचे आभार, रात्री बसून सगळं परत वाचलं. काल-परवा थोडी धावपळ केली, ती सांगतो.

संध्याकाळच्या सेशनला माझा मोठा अडथळा म्हणजे एसटी. आमची सत्तर टक्के पोरं पासवाली, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून येतात. डोंगराकडची शेवटची गाडी सव्वासहाला सुटते. ती चुकली की मुलींच्या घरून फोन सुरू, आणि पुढच्या वर्षी त्या घरातली दुसरी मुलगी कॉलेजला येत नाही. म्हणजे दिवे लावून आठला फायनल ठेवली तर गावातले पुरुष येतील आणि माझ्या वर्गातली एकही मुलगी येणार नाही. शिवाय आठला टीव्हीवर प्रो कबड्डी असते, तिथे आम्ही कुठे टिकणार, आपल्याकडे ओहायोकरांचा कायदा नाही.

म्हणून दुसऱ्या दिवशी मुलींची फायनल साडेतीनला आणि मुलांची पावणेपाचला अशी मागणी समितीकडे दिली. पंचांचा मुक्काम आमच्या हॉस्टेलवर. तोंडी होकार आहे. आगारात जाऊन आलो, ती सव्वासहाची गाडी पंधरा मिनिटं थांबवू म्हणालेत, लेखी काही नाही.

आता एक अडचण, तो दिवस गुरुवार. आमच्याकडे गुरुवारी आठवडी बाजार. सहकारी म्हणतायत तारीख बदलून मागा, ट्रॅफिक होईल, टीमांच्या गाड्या अडकतील.

फिक्स्चर
अजिबात बदलू नका. चाळीस गावांची माणसं त्या दिवशी आपण होऊन तालुक्याला येतात आणि तुम्ही पाचशे शोधताय. टीमांच्या गाड्या मागच्या गेटने घ्या.

पेठेतला_पिंट्या
बाजाराच्या दिवशी कुस्त्या ठेवायची पद्धत काय उगाच हाय व्हय? दोनला मेथी विकून झालेला शेतकरी चारला काय करतोय, चहा पितोय. त्याला हलगी ऐकू गेली पायजे एवढंच बघा. माइकवर दोन वाजल्यापासनं सांगा की कुठल्या गावची पोरगी खेळतीया. कॉलेजचं नाव नका सांगू, गावाचं सांगा.

उजवा_कोपरा
हे गावाचं नाव सांगायचं एकदम बरोबर आहे. आमच्या कॉलेजचं नाव सव्वा ओळीचं होतं, संस्थेचं, मग दानशूराचं, मग शाखेचं. आजीला सांगितलं असतं तरी कळलं नसतं कुठलं. पण 'अमुक वाडीची' म्हटलं की सगळी वाडी उभी राहते. बोर्डवर खेळाडूच्या नावापुढे गाव लिहा सर.

आणि ऑक्टोबर असेल तर सोयाबीन काढणी चालू असेल, घरच्यांना गुरुवारी मोकळं व्हायला जमतंय का ते विचारून घ्या. माझे वडील एकदाच आले मॅचला, तेही मळणी मशीन बिघडलं म्हणून.

विंगेत_उभा
माझी एक सूचना. प्रत्येक वर्गाला काहीतरी काम द्या. बीकॉम पहिल्या वर्षाकडे स्कोअरबोर्ड, आर्ट्सकडे कॉमेंट्री, सायन्सकडे पाणी आणि प्रथमोपचार. वीस राबले की शंभर बघायला येतात. आणि त्या दिवशीची हजेरी मैदानावर घ्या, प्राचार्यांची सही आधीच घेऊन ठेवा.

मैदान_लोकल
सक्तीने बसवलेलं पब्लिक मोबाइल बघत बसतं, शाळेच्या गॅदरिंगला आणलेल्या पोरांसारखं. हजेरी नको. तास रद्द करा आणि गेट उघडं ठेवा, ज्याला जायचं तो एसटी स्टँडवर जाऊ दे.

जिमखाना_चार्ज
हजेरीवर स्टाफरूममध्येही दोन तट पडलेत. मी मैदान_लोकल यांच्या बाजूचा. गावाची नावं लिहिण्याचं मात्र पक्कं, आज पेंटरला यादी दिली. त्याने विचारलं, "सर, आडनावं नाही टाकली तर चालतील का, गाव मोठं काढतो." म्हटलं काढा.

उद्घाटनाची पत्रिका पण आली छापून. संस्थेचे अध्यक्ष, एक माजी आमदार, एक माजी खेळाडू, विद्यापीठाचे प्रतिनिधी आणि आमचे प्राचार्य. पाचजण. बक्षीस समारंभालाही तेच पाच.

उजवा_कोपरा
सर, हात जोडून सांगते, ती भाषणं दोन फायनलच्या मधे घुसवू नका. वॉर्मअप करून घामेजलेली पोरं रांगेत उभी करायची, पाहुण्यांनी एकेकाचा हात हातात घेऊन 'कुठल्या गावचा' विचारायचं, शाल, नारळ, मग 'खेळाचे जीवनातील महत्त्व'. तोपर्यंत अंग थंड, पोटरीत गोळा. आणि तुमचा बाजारातून आलेला माणूस तिसऱ्या वाक्याला सायकल काढतो.

शेंगदाणा
पहिल्यांदाच सिरियस लिहितो, भाषणांनी जेवढी मैदानं रिकामी केली तेवढी पावसाने केली नाहीत.

जिमखाना_चार्ज
मला पटतंय हो. प्रत्येकी दोन मिनिटं असं पत्रिकेत घालायचं म्हणालो तर प्राचार्य माझ्याकडे बघतच राहिले. अध्यक्षांना दोन मिनिटं झाली हे सांगणार कोण? मी अजून कायम झालेलो नाही.

पेठेतला_पिंट्या
सर, हलगीवाला स्टेजच्या मागं बसवा. दोन मिनिटं झाली की त्यानं आपलं सुरू करायचं. त्याला कोण विचारतंय, म्हणायचं चुकून वाजली. आमच्याकडं एक पैलवान हलगीवाला हाय, आमदार बिमदार कुणाला ऐकत न्हाय.

खडूस_काका
दोन नको, दीड मिनिटाला वाजवायला सांगा.

जिमखाना_चार्ज
पिंट्याभाऊ, हलगीवाल्याचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा. आणि तो एका दिवसाचे किती घेतो तेही विचारून ठेवा, जिमखान्याच्या खात्यात 'संगीत' असा हेड नाही, 'मैदान दुरुस्ती'त टाकावा लागेल.